उतरलो होतो, पडलो नव्हतो

आमच्या उंद्री गावात माझ्याविषयी जी हकिगत सांगितली जाते, तिच्यातील पहिलेच वाक्य खोटे आहे. चिखलीच्या रस्त्यावरील चढावर मी सायकलवरून पडलो नव्हतो, उतरलो होतो. मी ब्रेक दाबला, पाय टेकला आणि सायकल हाताने ढकलत चढ संपवला. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने बसण्याचा आग्रह केला, तो मी नाकारला. गावात मात्र त्याच ट्रॅक्टरने मला उचलून आणले, असे ठरले.

माझी सायकल शर्यतीच्या बांधणीची आहे: खाली वळलेले हँडल, बारीक चाके, आणि गिअरच्या दोन छोट्या दांड्या फ्रेमच्या तिरप्या नळीवर. चढ आला की उजवा हात खाली नेऊन दांडी मागे ओढायची; साखळी मागच्या मोठ्या चक्रावर चढते आणि पाय हलके होतात. त्या दिवशी ती दांडी किरकिरली आणि निम्म्यावर अडकली. एवढेच घडले.

माझ्या मुलाने त्यावर निकाल दिला. दांडीला काही झालेले नाही, बाबांच्या हातात जोर उरलेला नाही, असे तो पारावर सांगू लागला. तिथली मंडळी मला पाहून आपापली मनगटे चोळू लागली. मुलाने तेवढ्यावर न थांबता माझ्या दुसरबीडच्या जावयाला फोन करून रविवारी सायकल घेऊन जायला सांगितले. ज्या सायकलवर मी रोज शेतात जातो, ती मला न विचारता देऊन टाकण्यात आली होती.

शनिवारी सकाळी मी सायकल अंगणात उभी केली आणि मुलाला बोलावले.

"घे, ओढ."

त्याने दोन बोटांनी ओढली. दांडी हलली नाही. त्याने मूठ वळली, दात आवळले. दांडी दाराच्या जुन्या बिजागरीसारखी ओरडली आणि जिथल्या तिथे राहिली.

"काऊन बे, तुया हातातला जोर कुठी गेला?" मी विचारले.

तो म्हणाला, गंजली असेल. मी म्हणालो, खोलून पाहू. खाली वर्तमानपत्र अंथरून मी दांडीचा स्क्रू सोडवला आणि आतले वायसर, म्हणजे चपट्या चकत्या, निघतील त्याच क्रमाने ओळीत मांडले. हा क्रम चुकला की दांडी एक तर जाम होते, नाही तर आपोआप घसरते. गंजाचा कुठे पत्ता नव्हता. वायसरांच्या मध्ये लालसर, चिवट थर बसला होता, आणि त्यात सोयाबीनचा बारीक भुसा रुतला होता. मी नख लावले तर तो गोंदासारखा ताणला गेला.

दारात उभी असलेली सून नवऱ्याला म्हणाली, "दसऱ्याले तुमीच तं तेल सोडलं होतं त्याच्यात."

मग मला सगळे उलगडले. दसऱ्याला आमच्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत साऱ्यांची पूजा होते. चिरंजीवांनी हळद-कुंकू वाहिले, आणि वर माझ्यावरच्या मायेने दोन्ही दांड्यांच्या फटीत जवसाचे तेल ओतले. जवसाचे तेल हवेत वाळून रोगणासारखे घट्ट होते, म्हणून तर ते लाकडाला लावतात. पुढे सुगीभर शेतात गेलो की सायकल मळणीयंत्राशेजारीच उभी असे.

"पूजाच केली न बाबा, जहर तं नाही टाकलं," मुलगा म्हणाला.

पूजेबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. तक्रार आहे ती निकालाची. यंत्र अडले की माणसाचे वय मोजायचे, ही कोणती परीक्षा? मी ट्रॅक्टरचे डिझेल वाटीत घेतले, दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक वायसर घासला, पुसला, ग्रीसचे बोट फिरवले आणि स्क्रू इतकाच आवळला की दांडी बोटाने सरकावी, पण सोडल्यावर जागची हलू नये. हे सारे मी केले. मुलाने फक्त वाटी धरली. तरीही गावातील नवी आवृत्ती अशी, की मुलाने बापाची सायकल दुरुस्त करून दिली. तीही खोटी आहे.

आता शेवटचा आरोप. जावयाला रिकाम्या हाताने परत पाठवले, हा आमच्या घराण्याला कमीपणा, असे नातेवाईक म्हणतात. जावयाचा मान मला कोणी शिकवू नये. रविवारी त्यांच्यासाठी पुरणपोळी होती, आहेर होता, बसण्यासाठी धुतलेली सतरंजी होती. फक्त सायकल घरात नव्हती, आणि मीही नव्हतो. ते उंबरठ्यावर आले तेव्हा मी चिखलीच्या चढावर होतो, दांडी मागे ओढलेली, आणि मी पडेन या धास्तीने मोटारसायकलवर माझ्या मागे मागे येणाऱ्या मुलाला हात हलवून सांगत होतो, की रस्ता मोकळा आहे, तू पुढे हो.