अंगठाभर जागा

अग्निनक्षत्राचा, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याचा, तिसरा दिवस, दुपारचे तीन. अंदाजपत्रकाची रक्कम अकरा हजार चारशे. हजर चौघे: मी, माझी बायको, खाटेवर आई, आणि तो.

आल्याआल्या त्याने उजवा हात उलटा करून छताकडे धरला, तापलेल्या पोराच्या कपाळाजवळ धरावा तसा. सिमेंटचा पत्रा हातापासून दोन फूट वर होता.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

मी भिंतीवरचं तापमापक पाहिलं. साडेअडतीस.

"तुमचं तापमापक जुनं आहे, सार."

यंत्रापेक्षा स्वतःच्या हातावर जास्त विश्वास असलेले असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाची गुंडाळी मोपेडवर आडवी बांधून हा तंजावूरभर फिरायचा. पत्र्याखाली तो कागद लावला की धग खोलीत उतरत नाही, हा त्याचा धंदा. उन्हात गुंडाळी लखलखली की समोरून येणारे रिक्षावाले शिव्या घालायचे. "ऊन कसं परत जातं ते त्यांना कळतं, सार. माझी जाहिरात फुकट."

मांडीचं हाड मोडल्यापासून आई त्या मागच्या खोलीत होती. एसीच्या हवेने तिचा दमा उठायचा. डॉक्टर म्हणाले होते, "हाड जुळेल. पण या वयात ही उष्णता झेपणार नाही. खोली थंड ठेवा."

अंदाजपत्रकात मला एकच ओळ खटकली. लाकडी पट्ट्या, दोन हजार सहाशे. कागद आणि त्याखालच्या प्लायच्या फळ्या यांच्यामध्ये त्या ठोकायच्या होत्या.

"त्यामुळे जी पोकळी राहील, तिच्यात काय भरणार?"

"काही नाही, सार. हवा."

"म्हणजे काहीच न भरण्याचे दोन हजार सहाशे?"

त्याने अंगठा उभा केला. "अंगठाभर जागा सोडा, सार. दोन्ही बाजूंनी दाबला की कागदही पत्र्यासारखाच तापतो."

मी त्या ओळीवर रेघ मारली. आठ हजार आठशे दिले.

फळ्या ठोकताना तो खिळ्यागणिक खाटेकडे बघून म्हणे, "अंगठाभर सोडायला हवी होती, पाट्टी."

"तंबी, त्याला सांगून काय उपयोग? लहानपणी इडल्यासुद्धा मोजून घ्यायचा." आई आमच्याशी मराठीत बोले, त्याच्याशी तमिळमध्ये. तो तिला पाट्टी, म्हणजे आजी म्हणे; तो पन्नाशीचा होता, तरी तिचा धाकटा भाऊच, तंबी.

आठ दिवस मी रोज तीन वाजता नोंद केली. फरक अर्ध्या अंशाचा. नवव्या दुपारी आईने मला ओळखलं नाही. मला तिचा भाऊ समजून ती माहेरी न्यायला सांगू लागली. डॉक्टरांनी येऊन सलाईन लावलं. मी त्याला फोन केला.

"तुमचा कागद बनावट आहे."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. "येतो, सार," एवढंच म्हणाला.

तासाभरात भर उन्हात आला. मोपेडवर या वेळी गुंडाळी नव्हती, पट्ट्या होत्या. त्यांना खिळ्यांची जुनी भोकं होती. मला ती दिसली. मी विचारलं नाही. आम्ही आईची खाट कशीबशी दाराबाहेर ओढली. त्याने सगळ्या फळ्या उतरवल्या, पट्ट्या ठोकल्या, फळ्या पुन्हा चढवल्या. तीन तास. मग दोन लोटे ताक प्यायला.

"या पट्ट्यांचे किती?"

"नंतर बघू, सार. आधी पाट्टी बऱ्या होऊ देत."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता साडेपस्तीस. तिसऱ्या दिवशी आईने मला नावाने हाक मारली आणि पहिला प्रश्न केला, "तंबीला जेवायला घातलंत का?"

घातलं नव्हतं.

अग्निनक्षत्र संपल्यावर मी पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. कालव्यापलीकडे एका खोलीचं घर. दारात त्याची बायको होती. चार दिवसांपूर्वी दुपारी, कुणाच्या तरी पत्र्याखाली काम करताना तो कोसळला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

"रात्री झोप नव्हती त्यांना," ती म्हणाली. "घर पहाटेपर्यंत तापलेलं असायचं. इथल्या पट्ट्या काढून नेल्या ना. म्हणाले, पाट्टीचं आधी. आपलं पावसानंतर बघू."

कोपऱ्यात कागदाची गुंडाळी उभी होती. वर उघडा पत्रा, त्याखालच्या वाशांना खिळ्यांच्या खुणा. माझा हात आपोआप उलटा होऊन वर गेला. किती अंश, ते मला सांगता येईना.

मी नोटा पुढे केल्या. तिने त्या मोजल्या नाहीत. आत जाऊन वही आणि पेन घेऊन आली.

"ते सांगायचे, त्या सारना पावती लागते. काय लिहू?"

मी नको म्हणालो. पावतीऐवजी ही नोंद: पट्ट्यांचे दोन हजार सहाशे दिले, त्याच्या बायकोला.