वाढत्या अंगाचा लॅपटॉप

राजश्रीच्या हाताला एक सवय होती. कुठलंही शिवलेलं कापड हातात आलं की ती आधी ते उलटं करायची आणि खालची दुमड अंगठ्यानं चाचपून बघायची. आत किती कापड सोडलंय, उद्या उसवलं तर अंगावर किती लांब होईल, एवढं कळल्यावरच ती त्याचा रंग बघायची. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यातल्याच एका कारखान्यात, तापलेल्या पत्र्याखाली बसून, ती वर्षानुवर्षं मुलींच्या स्कर्टांना दुमड घालत आली. कुठल्या कुठल्या गावांतल्या मुली तिच्या हाताखालच्या कापडात वाढून मोठ्या झाल्या, आणि त्यातली एकही तिला ओळखत नव्हती.

घर शहराबाहेर कुंभारीला, कामगारांच्या वसाहतीत. नवरा सतीश ट्रकवर. महिन्यातून चार-दोन दिवस घरात दिसायचा आणि तेवढे दिवस झोपायचा. सासू पारूबाई जन्मभर विड्या वळून वळून बोटं वाकडी करून बसली होती, पण जीभ अजून सरळ होती. आणि एकुलती एक लेक, चैताली.

या घरात कुठलीच वस्तू मापाची आली नाही. चप्पल एक नंबर मोठी, स्वेटर कोपरापर्यंत दुमडलेला, दप्तर पाठीपेक्षा रुंद. "वाढत्या अंगाचं घ्यावं," राजश्री म्हणायची. तिच्या आईनं तिला असंच वाढवलं होतं. फक्त एकदा, चैताली आठवीत असताना, राजश्रीच्या हातून चूक झाली. कारखान्यात उरलेल्या तुकड्यातून तिनं लेकीचा स्कर्ट बेतला आणि दुमडीला कापडच उरलं नाही. चालेल वर्षभर, असं वाटलं. पण पोरगी दिवाळीनंतर उसासारखी वाढली. स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला. एका बाईंनी तिला वर्गापुढं उभं केलं आणि सगळ्यांना विचारलं, "हा युनिफॉर्म हिचा आहे की हिच्या धाकट्या बहिणीचा?"

चैताली घरी आली ती रडली नाही. मांडीवर उशी घेऊन बसून राहिली. राजश्रीनं त्याच रात्री खाली निळी पट्टी जोडली, पण जुनं कापड धुऊन विटलेलं आणि पट्टी कोरी. वर्षभर ती पट्टी लांबून दिसत राहिली. लेक विसरली असेल कदाचित. राजश्री विसरली नाही.

पुढं चैताली कॉमर्सला गेली, पदवी झाली, एम.कॉम.ला नाव घातलं आणि हिशेबाच्या कामाचा एक कोर्सही लावला. पुण्याच्या एका कंपनीत घरी बसून करायचं काम निघालं होतं. परीक्षा घेऊन माणसं निवडणार होते. त्यासाठी स्वतःचा लॅपटॉप पाहिजे होता. भिशीत राजश्रीचा नंबर लागला आणि घरात लॅपटॉपचा विषय शिजू लागला.

राजश्रीच्या बहिणीचा मुलगा यशपाल शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याचं दुकान म्हणजे एक टेबल, मागं सामानाची एक खोली आणि पुढं तो. रविवारी तो घरी आला, भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले आणि खाली बसून विचारलं, "चैते, तू नक्की काय काय करणार हायस त्यावर?"

"टॅली. एक्सेल. ऑनलाईन लेक्चर. बस्स."

"मग आठची मेमरी बास. जरा सैल पायजे तर सोळा. त्याच्यावर न्हाय. वजनाला हलका बघ, बॅटरी टिकणारा बघ."

"मेमरी म्हंजे रं काय?" राजश्रीनं विचारलं.

"मावशी, तुमच्यात कटिंगचं टेबल असतंय की न्हाय? एका टायमाला त्याच्यावर किती कापड पसरता येतं, ती मेमरी. कपाट येगळं. कपाटात ठेवलेलं कापड टेबलावर मोजायचं न्हाय."

"मग टेबल लांब असलेलं बरंच की."

"एक ब्लाऊज बेतायला वीस फुटी टेबल कशाला मावशी? मोठी मेमरी, मोठी ताकद, ती पोरं गेम खेळत्यात त्यांना, न्हायतर लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याला. हिला काय करायचंय? आणि पुढं लागलंच, तर आत एक जागा मोकळी असती. जोडता येती अजून."

"मागनं जोडायची?" राजश्रीनं विचारलं.

"व्हय. सोपं असतंय."

यशपालला वाटलं, मावशीला पटलं. मावशीच्या डोळ्यांपुढं मात्र विटलेल्या निळ्या स्कर्टाखालची कोरी निळी पट्टी होती.

दुकान मोठं होतं, आत थंडगार. यशपालला त्या दिवशी काम निघालं, म्हणून मायलेकीच गेल्या. चैतालीनं कोपऱ्यातला एक करडा, पातळ लॅपटॉप हातात घेतला. तो आठचा होता. राजश्रीनं तो तिच्या हातातून घेतला, उलटा केला आणि खालची बाजू अंगठ्यानं चाचपली. दुकानातला पोरगा हसला.

"मावशी, खाली काय बघताय?"

"ह्याच्याहून मोठा कंचा हाय?"

त्या पोराला एवढंच पाहिजे होतं. त्यानं एक काळा, जाडजूड लॅपटॉप उघडला. बटणांखाली लाल दिवे पेटले. "हा बत्तीसचा. दहा वर्षं बघायचं काम नाही. काहीही टाका, हा मागं सरणार नाही."

"आई, जड हाय," चैताली हळूच म्हणाली.

"जड म्हंजे भरीव असतंय."

"अगं पण दादा म्हणाला की..."

"दादाला आजचं कळतंय. तू उद्या कुटं जाशील ते त्याला काय ठावं? उद्या अजून मोठं काम आलं तर ह्या बारक्याकडं टुकटुक बघत बसायचं का?"

चैतालीनं त्या करड्या लॅपटॉपचं झाकण मिटलं. हलकेच मिटलं, आवाज आला नाही. दुकानाच्या गारव्यात राजश्रीला आपण फार मोठं काहीतरी फेडल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर तो काळा लॅपटॉप फोटोपुढं ठेवून मेणबत्ती लावली. शेजारच्या बाया बघून गेल्या. चालू केल्यावर त्याच्या आतला पंखा असा घोंगावला की पारूबाई दचकली. हात लावून बघते तर अंगही तापलेलं.

"राजी, ह्याच्यावर भाकरी भाजल की गं!"

"हसू नगा आत्या. ताकदीचा हाय."

"ताकदीचा हाय तर मग धाप का लागती त्याला?"

सगळ्या हसल्या. चैतालीही हसली. नांगराच्या बैलाला घरात बांधावं तसा तो लॅपटॉप त्या दोन खोल्यांत राहू लागला. त्याला सारखी वीज लागायची. भिंतीला तोंड लावून असला की ठीक, वायर काढली की तासाभरात मान टाकायचा. त्याचा चार्जर विटेएवढा. रोज बसनं शहरात जाताना चैताली लॅपटॉप आणि ती वीट दोन्ही पिशवीत घालायची, आणि पिशवीचा बंद दोनदा तुटला. दोन्ही वेळा राजश्रीनं कारखान्यातली जाड पट्टी लावून, दुहेरी टीप मारून दिली. खांद्यावर वळ उठायचा, तो चैताली ओढणीखाली झाकायची. कॉलेजात भिंतीजवळची जागा मिळाली तर बसायची, नाहीतर वही काढायची.

"बरा चाललाय न्हवं?" राजश्री विचारायची.

"व्हय. लई फास्ट हाय," चैताली म्हणायची.

आणि ते खोटं नव्हतं. टॅली पापणी लवायच्या आत उघडायची. तेवढ्याला एवढ्या ताकदीची गरज नव्हती, हे तेवढं ती बोलायची नाही.

परीक्षेचा दिवस ठरला. दोन तासांची परीक्षा, कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कोणी नको. चैताली म्हणाली, "मी यशदादाच्या दुकानामागं खोली हाय तितं बसते. त्याच्याकडं इन्व्हर्टर हाय."

"स्वतःचं घर असताना गोदामात बसून परीक्षा देणार व्हय?" राजश्री म्हणाली. "एवढा मोठा घेतलाय तो कशाला? हितंच बस. मी सुट्टी काढते. दाराशी बसते, चिमणी आत येऊ देत न्हाय."

"लाईट गेली तर?"

"भरून ठेव की रात्रभर."

चैतालीनं आईकडं बघितलं आणि "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" राजश्रीनं लहानपणापासून ऐकलं होतं. मोठी चप्पल घालताना, दुमडलेल्या बाह्यांचा स्वेटर चढवताना. त्यात होकार किती आणि दमणं किती, हे तिनं कधी उसवून बघितलं नव्हतं.

वैशाखातली दुपार. पारूबाईला शेजारच्या घरी बसवलेलं. राजश्री उंबऱ्यावर, पाठ दाराला लावून. गल्लीतनं भाजीवाला आला त्याला तिनं लांबूनच हातानं परतवलं. आतून त्या लॅपटॉपची घरघर येत होती आणि मधूनमधून बटणांची टपटप. तिला तो आवाज शिलाई मशीनसारखा वाटला. चाललंय, टीप सुटत नाही, असं मनाशी म्हणत ती बसून राहिली.

मग वाऱ्याची एक वावटळ उठली, पत्रे वाजले, आणि समोरच्या घरातला टीव्ही बंद पडला. वीज गेली होती. घरघर मात्र चालूच होती. राजश्रीच्या जिवात जीव आला. ताकदीचा आहे, ओढील. ती आवाजाला कान लावून बसली. वीज येईना. ऊन सरकत सरकत तिच्या पायावर आलं. तिनं पाय हलवला नाही, जणू हलवला तर आत काही बिघडेल.

आणि घरघर थांबली.

एवढी शांतता त्या घरात कधी झाली नव्हती. राजश्री उठली नाही. दार आतून उघडलं. चैताली उभी होती, कपाळावर घाम.

"किती राहिलं होतं गं?"

"शेवटचा भाग. मोठा."

"मग आता? सांगू की त्यास्नी, लाईट गेली म्हणून."

"सगळेच सांगत असतील आई."

राजश्री आत गेली. त्या काळ्या अंगावर तिनं हात ठेवला. तो अजून तापलेला होता. "एवढा मोठा घेऊन," ती पुटपुटली. "बत्तीसचा म्हणाला की गं तो."

"बत्तीसचाच हाय. मोठाच हाय. म्हणूनच बॅटरी खातंय ते." चैतालीचा आवाज चढला नव्हता. "मला ह्याच्यातलं पाव पण लागत न्हाय आई. कॉलेजातल्या पोरी तो करडा वाला घेऊन दिवसभर झाडाखाली बसत्यात. मी भिंत हुडकत फिरते."

"मग बोलली का न्हाईस? इतके दिवस?"

"तू दुमड घालत असताना तुला कोण बोलंल?"

राजश्री लॅपटॉपवरचा हात काढत म्हणाली, "आठवीत तुझा स्कर्ट..."

"माहीत हाय मला. तू अजून तोच स्कर्ट शिवतीयास. मी बावीसची झाले आई. आता नाही वाढत मी."

पारूबाई शेजारून येऊन दारातून हे ऐकत होती. एरवी तिनं काहीतरी टोला हाणला असता. आज तिनं पदर तोंडाला लावला आणि परत वळली.

कंपनीचं उत्तर आलं नाही. चैतालीनं दोनदा लिहून पाठवलं, मग सोडून दिलं. पुढच्या रविवारी राजश्रीनंच तो लॅपटॉप पिशवीत घातला. बसमध्ये स्वतःच्या खांद्यावर घेतला. शहर येईपर्यंत खांदा भरून आला आणि लेकीनं हे रोज कसं वाहिलं, ते तिला आता अंगानं कळलं.

यशपालनं फार बोलणं लावलं नाही. "सेटिंग बदलून जरा टिकल जास्त," तो म्हणाला, "पण जाड तो जाडच, आणि वजन काय सेटिंगनं उतरत न्हाय." लग्नाचे व्हिडिओ करणारा एक ओळखीचा होता, त्याला हाच पाहिजे होता. बदल्यात यशपालनं एक वापरलेला, पातळ लॅपटॉप पुढं ठेवला. कोपऱ्यावर रंग उडालेला.

"आठचा हाय मावशी. बॅटरी नवीन घातलीया. बघा."

राजश्रीचा हात पुढं आला. उलटा करून चाचपायला अंगठा आधीच वाकला होता. तिनं तो तसाच मागं घेतला आणि पदरात धरला.

"मला काय दावतोस? तिला इचार."

चैतालीनं टॅली उघडून बघितली. एक्सेल उघडलं, लेक्चरही लावलं, तिन्ही एका वेळी. थोडं सावकाश, पण सगळं चाललं. मग तिनं तो मिटून एका हातानं उचलला.

"बास हाय," ती म्हणाली.

राजश्रीला मनातून तो लेकीच्या अंगावर तोकडाच दिसला. पण तिनं पिशवी उघडून पुढं धरली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती कारखान्याला निघाली, तर चैताली तिच्या आधी तयार होऊन उंबऱ्यावर चपला घालत होती. या वेळच्या चपला मापाच्या होत्या.

"एवढ्या लवकर कुटं?"

"शहरात. दादाच्या दुकानात."

"काय काम?"

"हाय जरा."

ती गेली. पारूबाई आतून म्हणाली, "परीक्षा हाय तिची आज. दुसरी कुठली तरी कंपनी. मला रात्रीच बोलली."

राजश्री दारात आली. वसाहतीच्या वळणावर चैताली पाठमोरी दिसत होती. पिशवी एका खांद्यावर सहज हलत होती, जणू आत काही नाहीच. चार्जर घेतलास का, पोटात काही घातलंस का, असं ओरडून विचारावं म्हणून राजश्रीनं तोंड उघडलं. बस आली. चैताली चढली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मग राजश्रीही कामाला गेली. मशीनवर स्कर्टांचा ढीग वाट बघत होता. पहिला स्कर्ट तिनं उलटा केला, नेहमीसारखी चार बोटं दुमड घातली, आणि पाय मशीनच्या पॅडलवर ठेवून, टीप न मारता, कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.