नरसम्माचं उत्तर

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं तिच्यापासून काही लपत नाही, अशी तिची समजूत आहे. असू दे बिचारीची. पण परवा पुन्हा तेच वाक्य कानावर आलं आणि माझं डोकं असं तापलं, की म्हटलं, आता कुणाला तरी सांगायलाच हवं. तुम्ही समोर आहात, तुम्हालाच सांगतो.

वाक्य साधं आहे — विणकर लोकांना मुलींच्या शिक्षणाची आस्थाच नाही. आमच्या शाळेत सभा होती. सक्तीच्या शिक्षणावर बोलायला एक वकील आले होते. चांगले शिकलेले, खांद्यावर इथंच सोलापुरात विणलेलं उपरणं. सुपारी कातरता कातरता बोलावं तितक्या सहज त्यांनी ते वाक्य टाकलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! मला वाटलं, उठावं आणि भर सभेत विचारावं — अहो, तुम्ही त्या गल्लीत कधी पाय ठेवलाय? एका तरी आईला विचारलंय? कुणी सांगितलं तुम्हाला हे?

उठलो नाही. कुणी सांगितलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

जरा मागचं सांगतो. मी मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, शाळेत मराठी. इंग्रजी शिकायला वडिलांनी सोलापुरात ठेवलं, तेव्हा भवानी पेठेत एका तेलुगू विणकराच्या घरात ओसरीलगतची खोली मिळाली. मल्लय्या दिवसभर मागावर बसायचा. त्याची बायको नरसम्मा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. एकदा मी तापानं पडलो, तर हातातली कामं टाकून आठ दिवस ती माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. मला तेलुगू येते ती तिच्यामुळे. मागाच्या खटखटाटात ती ओरडून एकेक शब्द सांगायची, मी ओरडून म्हणायचो आणि चुकलो की ती पोट धरून हसायची. हे मुद्दाम सांगतोय. पुढं मी जे केलं ते त्याच भाषेच्या जोरावर केलं.

शिकलो, मुनसिपालटीच्या शाळेत मास्तर झालो, वेगळं बिऱ्हाड केलं. मग काही वर्षांनी मुलींची नवी शाळा कुठं काढावी हे ठरवायला एक कमिटी आली. एक गोरा साहेब, बरोबर गावातले दोन सभासद. साहेबाला मराठीही येत नव्हती, मग तेलुगू कुठली? सभासदांनाही तेलुगूचा गंध नव्हता. दुभाष्या हवा होता. हेडमास्तरांनी माझं नाव दिलं.

नरसम्माच्याच अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सुताला लावायच्या खळीचा वास येत होता, म्हणून एका सभासदानं नाकाला रुमाल लावला. पेठेतल्या बायका जमल्या. साहेबानं विचारलं, इथं शाळा काढली तर मुली पाठवाल का? मी तेलुगूत विचारलं.

सगळ्यांच्या वतीनं नरसम्मा बोलली. तिनं आधीपासून विचार करून ठेवला होता, हे पहिल्या शब्दालाच कळलं. ती म्हणाली, “पाठवू. सगळ्याजणी पाठवू. पण शाळा सकाळची नको. सकाळी पोरी सुताच्या कांड्या भरतात. कांड्या भरल्या नाहीत तर बापाच्या धोट्यात घालायला सूत कुठून येणार, माग चालणार कसा? जेवणं उरकली की पोरी मोकळ्या असतात, तेव्हा दुपारची शाळा ठेवा. पहिलं वर्ष आमच्या बोलीत शिकवा, म्हणजे पोरी घाबरणार नाहीत. आणि मास्तर हाच द्या.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “हा आमचाच आहे.”

सांगा, याहून शहाणं उत्तर कुठल्या कमिटीला मिळालं असेल?

आणि मी काय केलं? साहेबाकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं, की या लोकांना फारशी आस्था नाही, मुली घरकामाला लागतात. झालं. साहेबानं लिहून घेतलं.

मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी लाच दिली नव्हती. माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी एका सुताच्या व्यापाऱ्याच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जात असे. तिथं गादीवर बसायला मिळे, चहा मिळे, नोकर ‘मास्तरसाहेब’ म्हणत. दुपारची शाळा निघाली असती तर ते गेलं असतं. पण खरं सांगू? तेही दुय्यमच. ‘हा आमचाच आहे’ — हे तिनं साहेबासमोर म्हटलं, आणि मला लाज वाटली. तापात जिनं पट्ट्या ठेवल्या तिचा म्हणवून घ्यायची मला लाज वाटली!

नरसम्मा बघत होती. म्हणाली, “मी एवढं बोलले, तुझं दोन शब्दांत कसं आटपलं?”

मी म्हणालो, “इंग्रजी आखूड असते.”

बायका हसल्या. तीही हसली. शिकलेला माणूस, त्याला ठाऊक, असं तिला वाटलं असणार.

मला त्या कमिटीचा अजून संताप येतो. एवढ्या लांब उत्तराचं इतकं छोटं भाषांतर झालं, तर एकालाही दुसरा प्रश्न सुचू नये? पाव तास बसले, रुमाल झटकले आणि टांग्यात चढले. पण हेही बघा — मी त्यांच्याआड लपायला निघालो. ते ऐकत नव्हते हा त्यांचा दोष. त्यांनी जे ऐकलं ते माझं होतं.

शाळा दुसऱ्या पेठेत निघाली, सकाळची. कमिटीचा अहवाल छापून आला, त्यात माझं वाक्य जसंच्या तसं. मग कुणी तरी ते वर्तमानपत्रात उतरवलं, कुणी भाषणात घेतलं. भवानी पेठेतून शाळेसाठी अर्ज गेला, तर कचेरीत त्यावर तेच वाक्य लिहून तो फायलीत ठेवून दिला. आता ते वाक्य कुणाचंच राहिलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट झाली आहे.

कमिटी गेल्यावर नरसम्मानं एकदा विचारलं होतं, “पंतुलू, साहेबानं काय ठरवलं?” पंतुलू म्हणजे मास्तर. तिची मुलगी सत्तम्मा तेव्हा सात वर्षांची, शेजारी बसून रहाटावर कांड्या भरत होती. मी म्हणालो, “इथं आणखी एक शाळा काढायला सरकारजवळ पैसा नाही.” तिनं सरकारला अशा काही शिव्या हासडल्या की बस्स! त्या शिव्या मी उभ्यानं ऐकल्या. सरकारच्या नावानं ऐकल्या.

यंदा माझी मुलगी मराठी सातवीची, फायनलची परीक्षा पास झाली. त्याच दुसऱ्या पेठेतल्या शाळेतून. बातमी कळली तशी नरसम्मा घरी आली. केस पार पांढरे झालेत. बरोबर सत्तम्मा होती, कडेवर मूल. मल्लय्यानं विणलेलं लुगडं माझ्या मुलीसाठी आणलं होतं, हिरवं, लाल काठाचं. “याच्या कांड्या हिनं भरल्या,” असं नरसम्मानं कौतुकानं सांगितलं. माझ्या मुलीनं प्रमाणपत्र दाखवलं. सत्तम्मानं पदराला हात पुसून ते हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिली. उलटं धरलं होतं. माझ्या मुलीनं हळूच सुलटं करून दिलं.

नरसम्मा ते बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सरकारजवळ पैसा असता तर हीसुद्धा शिकली असती. असो. तुझा काय इलाज? तू तरी आमच्या बाजूनं बोललास.”

मी “हो” म्हणालो, आणि लुगडं दोन्ही हातांनी घेतलं.