स्वेटरवाल्या बाईचे तीन दिवस

हे मी लिहावं का, असं अजूनही वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि हे दुःखही माझं नाही. चुकलं तर माफ करा.

हिंगोलीत शिकताना मी जिथे भाड्याने राहायचो, तिथे शेजारच्या खोलीत दर हिवाळ्यात स्वेटर विकणारं एक तिबेटी जोडपं उतरायचं. देश सुटलेली माणसं. त्यांची वसाहत कर्नाटकात होती. इतकी वर्षं येऊनही गल्ली त्यांना नेपाळीच म्हणायची. मी हिंगोलीजवळच्याच गोरेगावचा, बौद्ध घरातला. त्यांच्याही भिंतीवर बुद्ध होता, म्हणून मला ती जवळची वाटत.

एका सकाळी नवरा गेला. खोकला जुनाच होता. बाई उंबऱ्यात आडवी बसली. त्यांच्यात मेलेल्याला तीन दिवस हलवत नाहीत. जीव सावकाश निघतो, हात लावला तर वाट चुकतो. मोडक्या हिंदीत तिनं एवढं सांगितलं.

"तीन दिवस? माझ्या घरात?" घरमालक ओरडला. "लोणचं घालायचंय का त्याचं?"

जमलेली माणसं हसली.

मी म्हणालो, "काका, थंडी हाय. आजच्या दिवस तरी…"

"तुला काहून पुळका येऊन राहिला? तुमच्यातलेच व्हय? मग ने तुझ्या खोलीत. तुला खोली दिली तेच लई झालं."

मी धावत जाऊन आमच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना बोलावून आणलं. वाटलं, ते त्याला समजावतील. ते आले ते पांढरं कापड आणि मेणबत्त्या घेऊनच. आपल्या धम्माचा परका माणूस बेवारस जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. आमच्यात त्याच दिवशी उचलतात. त्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं.

"मत छूना. अभी मत छूना," ती म्हणत राहिली.

एकानं मायेनं तिची बोटं चौकटीवरून सोडवली. "रडू नको माय, आमी हाव ना."

दुपारच्या आत कयाधू नदीच्या काठावर सगळं उरकलं. परत आलो तेव्हा घरमालकानं खोली धुवून घेतली होती. स्वेटरची गाठोडी अंगणात भिजून पडली होती.

पुढच्या हिवाळ्यात ती आली नाही. काही वर्षांनी बसस्टँडजवळ तिच्याच वसाहतीतला एक माणूस स्वेटर मांडून बसलेला दिसला. मी कोण ते सांगितल्यावर तो उठला, माझे दोन्ही हात त्यानं धरले. मेलेल्या नवऱ्याची म्हातारी आई नुकतीच वारली होती. सुनेनं तिला सांगितलं होतं, हिंगोलीच्या लोकांनी तीन दिवस त्याला कुणाला हात लावू दिला नाही. शेजारचा पोरगा दारात राखण बसला होता.

मरेपर्यंत म्हातारी रोज हिंगोलीसाठी एक दिवा लावायची, असं तो म्हणाला.