चारच तर मुली आहेत

दुर्गचं आमचं कॉलेज एका जुन्या कोठीत, मोठ्या बंगल्यात भरायचं. भिलाईच्या कारखान्याला शिकलेली माणसं हवीत म्हणून तिथं सायन्स सुरू करायचं ठरलं आणि उन्हाळ्यात कोठीचं काम निघालं. हातभर जाडीच्या भिंती फोडून पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या नेल्या. दिवाणखान्यात केमिस्ट्रीची लॅब झाली. जुलैत ती पाहून मी हरखले. तो आनंद दुपारपर्यंत टिकला.

कोठीमागं बायकांचा संडास होता. पत्र्याच्या दाराचा, पण होता. तो पाडून तिथं प्राध्यापकांसाठी सायकल स्टँड केला होता. आम्ही मुली चौघी, सकाळी आठला घरून निघालेल्या, संध्याकाळी परतणाऱ्या.

आम्ही सांगायला गेलो तेव्हा प्राचार्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "चारच तर मुली आहेत. शेजारी कुणाकडे जात जा."

गेलो. गल्लीतल्या एका बाईनं आठवडाभर दार उघडलं. मग तिनं विचारलं, "कौन जात हो, बेटी?" मी खरं सांगितलं, आम्ही बौद्ध. दुसऱ्या दिवशी तिनं तिघींना आत घेतलं आणि मला उंबऱ्यावर थांबवलं. तिघींतली एक, गणितात सगळ्यांच्या पुढं असलेली, तशीच मागं फिरली. "मंग मीबी नाही जात," म्हणाली.

आम्ही दोघींनी दिवसभर पाणी पिणं सोडलं. महिन्याभरात मला ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. बाबा कारखान्यात फिटर होते. त्यांनी विचारलं, "पानी कावून नाही पेत तू?" सांगितल्यावर रजा टाकून ते माझ्याबरोबर कॉलेजात आले.

"साहेब," ते प्राचार्यांना म्हणाले, "आमच्याकडं माती उचलनाऱ्या रेजा बायांलेबी आडोसा करून देल्ला. तुमी तर शिकलेले लोक."

"पुढच्या वर्षी बघू."

बाबांना बसा म्हणूनही कुणी म्हटलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या पाठीकडं पाहताना माझं डोकं फिरलं. प्राचार्यांच्या खोलीला लागून नवीन बाथरूम बांधली होती, पांढऱ्या टाइल्सची. मी तडक आत गेले आणि कडी लावली. बाहेर आले तेव्हा दारात हेडक्लार्क आणि दोन प्राध्यापक उभे होते. मी हातसुद्धा सावकाश पुसले. दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीणही गेली. तिसऱ्या दिवशी चौघी.

आठ दिवसांत सायकल स्टँडशेजारी चार पत्रे उभे राहिले, दार बसलं. पाण्याचा नळ मात्र नाही दिला. माझ्या दाखल्यावर 'उद्धट' असा शेरा आला. त्याचं मला काही वाटलं नाही.

पण मैत्रिणीच्या घरी कुणीतरी चुगली केली. पोरगी साहेबाच्या खोलीत घुसते म्हणून घरच्यांनी कॉलेजातून तिचं नाव काढलं, आणि त्याच हिवाळ्यात लग्न उरकलं. पत्रिका आली होती. आई जाऊन आली. मी त्या मांडवात अन्नाचा घास घेऊच शकले नसते.