कॅबिनमधली बाई

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी. अंगात येणं, झपाटणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही कुणी विचारलं तर मानत नाही असंच सांगेन. पण एक गोष्ट मी स्वतःच्या कानानं ऐकलीय. तिचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून इथं लिहितेय.

आम्ही कळंबला राहतो. माझे मिस्टर टँकर चालवतात. जवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून स्पिरिट भरायचं आणि सोलापूरकडं डेपोत पोचवायचं. पेट घेणारा माल, म्हणून कागद लई. चलान, गेटपास, गळती झाली किंवा आग लागली तर काय करायचं ते सांगणारं कार्ड... तपासणीत एखादा कागद कमी निघाला की गाडी तिथंच उभी. हे सगळे कागद मी लावून द्यायची. मी शिवणकाम करते. त्यांच्यासाठी रेक्झिनची एक पिशवी शिवली होती, आत कप्पे करून. सकाळी निघताना ते दारात हात पुढं करायचे आणि मी पिशवी हातात द्यायची.

एवढ्याशा पिशवीचं कौतुक का, ते सांगते. मी त्यांची दुसरी बायको. पहिली महादेवी — उमरग्याकडच्या खेड्यातली, कानडी बोलणारी. काविळीनं गेली. तिचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, हार मीच बदलते. या माणसानं माझ्यासमोर तिचं नाव कधी काढलं नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. नाव काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. घरातली भांडी तिची, पाटा तिचा, परसातली कढीपत्त्याचं झाडसुद्धा तिनं लावलेलं. टँकरचं काम मात्र ती गेल्यावर लागलेलं. म्हणजे ती पिशवी तरी फक्त माझी होती.

मग ट्रान्सपोर्टच्या मालकानं कागद बंद केले. सगळं ऑनलाइन. डॅशबोर्डवर एक टॅब बसवला. चलान त्यात, कार्ड त्यात, तपासणीवाला आला की स्क्रीन दाखवायची. आणि ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज. एक बाई बोलायची त्यातून, शुद्ध मराठीत. "ज्वलनशील द्रव. वाहनाजवळ आग व धूम्रपान टाळा."

पहिल्याच दिवशी हे घरी येऊन म्हणाले, "लई गोड बोलती गं ती. वाटेत सोबत असल्यागत वाटतं."

पिशवी खुंटीवर टांगून ठेवली होती, ती मी त्याच संध्याकाळी ट्रंकेत टाकली. मशीनवर कुणी जळतं का? मी जळले. सकाळी हे नुसतेच हात हलवत निघून जायचे आणि मला वाटायचं, चालले तिच्याकडं.

तो दिवस उन्हाळ्यातला. येडशीचा घाट उतरल्यावर एका ढाब्याशी गाडी बाजूला लावून त्यांनी जेवण केलं आणि कॅबिनमध्ये बसून मला फोन लावला. रोज लावतात. मी मशीनवर ब्लाउज शिवत होते, फोन खांदा आणि कानाच्या मधे धरलेला. ते जांभया देत बोलत होते — जरा डोळा लावतो, मग निघतो. मागनं टॅबमधली ती शुद्ध मराठी बाई बोलली, "वाहन थांबलेले आहे. गळती तपासा." तिच्याकडं कुणी लक्ष देत नाही, गाडी थांबली की ती तसं म्हणतेच.

आणि मग दुसरी बाई बोलली.

अगदी जवळून. त्यांच्या खांद्याशी बसल्यासारखी. "री..." लाडानं नाही, घाईनं. "री, लगू इळीरी... इळीरी!"

मी शिवायची थांबले. विचारलं, "कोण हाय तुमच्यासंगं?"

फोन पडल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, मग लांब कुठंतरी त्यांचं ओरडणं. आणि फोन कट झाला.

मी परत परत लावला. कुणी उचलेना. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात त्यांची काळजी आलीच नाही. कॅबिनमध्ये बाई आहे, एवढंच डोक्यात घण घालत होतं.

झालं होतं असं : टँकरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून स्पिरिट गळत होतं. त्याची धार उतारानं ढाब्याच्या भट्टीकडं चालली होती. हे खाली उतरले म्हणून दिसली. त्यांनी ओरडून बाजांवरची माणसं लांब पळवली, ढाबेवाल्यानं भट्टीवर घमेल्या-घमेल्यानं माती टाकली, मग यांनी व्हॉल्व्ह बंद केला. कुणाला काही झालं नाही. तिथं झोपले असते तर... ते वाक्य आमच्या घरात अजून कुणी पुरं केलेलं नाही.

संध्याकाळी ते घरी आले. अंगाला स्पिरिटचा वास. मी पाणीसुद्धा दिलं नाही.

"कोण होती ती?"

"कोण?"

"तुमच्या कॅबिनमधली बाई. री, री करत होती ती."

ते खाटेवर बसले. "तुला बी ऐकू आली?"

मला वाटलं होतं, घाबरतील, नाही तर चिडतील. पण त्यांचा चेहरा उजळला. लग्नापासून मी तो चेहरा माझ्यासाठी असा झालेला कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "मला वाटलं भास झाला. महादेवी मला 'री' म्हणायची. उतरा, लवकर उतरा म्हणत होती." मग गळतीचं सगळं सांगितलं आणि माझ्यासमोर ढसाढसा रडले. जीव वाचलेला नवरा समोर बसलाय, आणि मी आतून पेटलेली. मेलेल्या बाईला त्याला वाचवता आलं, आणि मी फोनवर होते... मला जमलं नाही!

टॅब तपासायला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचा माणूस आला. म्हणाला, यात मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच आहे. कानडी टाकलेलंच नाही. त्या दुपारी टॅब एकदाच बोललाय, गळती तपासा म्हणून. मी विचारलं, दुसऱ्या कुणाचा फोन मधे लागला असेल? त्यानं खांदे उडवले.

शेवटी मी एकटीच एसटीनं उमरग्याकडं गेले, महादेवीच्या आईकडं. खरं कारण सांगते — मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं की माझी लेक असं बोलायचीच नाही.

म्हातारी ओसरीत शेंगा फोडत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं बसायला पोतं सरकवलं. मी सगळं सांगितलं आणि जमेल तसा तो आवाज काढून दाखवला. "री, लगू इळीरी." तिचे हात थांबले.

"तिचंच बोलणं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "माझं काय ईचारलं का गं तिनं?"

मी पुढ्यातली एक शेंग उचलून फोडली.

"रोज वाट बघते मी," ती म्हणाली. "मला कधी हाक न्हाय मारली. त्याला मारली. तुला ऐकवली. तू तर तिला बघितलंबी न्हाईस." तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं मी त्या फोटोकडं तशीच बघत आले होते.

"फोन कट झाला, अव्वा," मी म्हणाले. "पुढं काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाय."

"बोलली असंल," ती म्हणाली. "माझंबी काय तरी बोलली असंल."

तो आवाज कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर कळवा. मी निघायला उठले तेव्हा म्हातारीनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, फोन कुठल्या कानाला होता? मी उजवा कान दाखवला. शेंगांच्या मातीनं भरलेला हात तिनं पदराला पुसला आणि माझ्या त्या कानावर ठेवला. एसटी चुकली तरी तिनं तो काढला नाही.