जा पोरी, माझी ना नाही

माझा धाकटा भाऊ मुंबईच्या एका सिनेमा कंपनीत पडदे रंगवायला होता. सिनेमा तेव्हा मुका. आमच्या संस्थानी जव्हारात तो उन्हाळ्यात तंबूतून यायचा. चित्रं हलायची आणि पात्रांचं बोलणं मधेमधे पाटीवर लिहून दाखवायचे. भाऊ सुट्टीला आमच्याकडे आला, तशी मी माझी गोष्ट त्याच्यापुढे टाकली. मोखाड्याकडची एक मुलगी नाशकाला दाईचं काम शिकायला निघते, आई अडवते आणि शेवटी जाऊ देते, एवढीच. "तुझ्या साहेबांना दाखव," म्हटलं. मला सिनेमासाठी लिहायचं होतं, दुसरं काही नको होतं. नवरा कचेरीत कारकून. त्यांना गंमत वाटायची. सासूबाई मात्र म्हणायच्या, "कागद काळे करून चूल पेटते का?"

भावाने गोष्ट वाचून कपाळाला हात लावला. "ताई, हे नाटक झालं. पान पान बोलतात तुझी माणसं. पडद्यावर ओठ हलतील, ऐकणार कोण?"

आता पटकथा म्हणतात, तेव्हा सिनारिओ म्हणायचे. तो कसा लिहायचा ते त्याने ओटीवर बसून मला शिकवलं. जागा बदलली की नवा प्रवेश धरायचा, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, पाटी अगदी अडलं तरच. 'तिला वाईट वाटलं' असं दिसलं की लगेच त्याची पेन्सिल चालायची.

"वाईट वाटलं म्हणजे काय केलं तिने?"

"रडली."

"सगळ्याच रडतात. ही काय करते?"

असा संताप आला मला! कागद तिथेच टाकून मी आत गेले आणि नाचणीच्या भाकऱ्या थापायला बसले. सासूबाईंनी विचारलं, "कुणाला मारते आहेस?" ओटीवरून भाऊ ओरडला, "ताई, हेच लिही!" मेल्याला चांगला घालवून द्यावा असं वाटलं, पण लिहिलं तेच.

त्याच आठवड्यात तंबू आला. बायकांची बाजू कनातीपलीकडे, आणि पाट्या वाचून दाखवणारा माणूस पुरुषांत. पेटी-तबल्याच्या गोंगाटात त्याचा आवाज आमच्यापर्यंत येईना. मला वाचता येत होतं, म्हणून मीच उभी राहून मोठ्याने वाचू लागले. जरा मिरवतही होते. साखरशेतहून आलेली एक बाई माझा पदर ओढून म्हणाली, "बाय, बस ना खाली. आमाला दिसतंय सगळं." बाकीच्या हसल्या. मी तोंड पाडून बसले. पण बसल्यावर पाहिलं, पाटी यायच्या आधीच त्या हळहळत होत्या, हसत होत्या. खरंच दिसत होतं त्यांना.

घरी येऊन एकेक पाटी खोडत गेले. शेवटची राहिली. त्या पाटीवर आई म्हणते, 'जा पोरी, माझी ना नाही.' ती काही खोडवेना. आईने परवानगी दिली हे त्याशिवाय कळणार कसं? भाऊ म्हणाला, "साहेब नेमकं इथेच बोट ठेवतील. बघ बाई." त्याची निघायची सकाळ उजाडली, डहाणूकडे जाणारी बैलगाडी दाराशी आली, तरी मला काही सुचलेलं नव्हतं. कागद तसेच त्याच्या हातात दिले.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. ट्रंकेत जपलेलं खणाचं कापड त्यांनी ओटीवर पसरलं, भावाच्या हातातले कागद घेऊन त्यावर ठेवले, चारी टोकं ओढून दुहेरी गाठ मारली, दातांनी आवळली. पुडकं भावाच्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता तांदूळ निवडायला आत गेल्या.

मला रडू आलं. भावाला म्हटलं, "थांब जरा." ती गाठ सोडवताना माझी नखं दुखावली. गाडीच्या कठड्यावर कागद टेकवून शेवटची पाटी खोडली आणि सासूबाईंनी केलं ते जसंच्या तसं लिहून काढलं. आई मुलीचं बोचकं स्वतः बांधते आणि आत जाते. गाडीवान कटकट करत होता, करू दिली.

कंपनीने गोष्ट घेतली. माझं नाव घातलं नाही, त्याचा मला राग आला, अजूनही येतो. पण सिनेमा तंबूतून जव्हारला आला तेव्हा मी सासूबाईंना ओढून घेऊन गेले. त्यांचा तो पहिलाच. शेवटचा प्रवेश आला. पडद्यावरच्या आईने कापड पसरलं, बोचकं बांधलं, मुलीच्या हातात दिलं. पाटी नव्हतीच. कळलं नाही तर सगळंच फुकट.

पुढे बसलेली कुणी बाई आपल्या लेकीला हळूच म्हणाली, "बघ, आयेनं जा म्हटलं तिला."

मी अंधारात सासूबाईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "गाठ मात्र कच्ची मारली हिने."